अर्ध्या इंचाचा पाईप टॅप हातानं मारताना

नटबोल्टचा टॅप, म्हणजे भोकात आतनं आटे पाडायचं हत्यार, मारता येतो म्हणजे पाईपचा टॅपही येतोच असं बऱ्याच जणांना वाटतं. आयटीआयमधनं फिटर होऊन आलेला चांगला हुशार पोरगा असला तरी अर्ध्या इंचाचा बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या पाईप आट्याचा) टॅप हातात दिला की तो एम १० (१० मिमी बोल्टचा) मारल्यासारखाच मारायला घेतो. दोष त्याचा नाही, हँडल तेच, तेल तेच, पुढं-मागं फिरवायची पद्धत पण तीच. पण बोल्टच्या आट्यानं फक्त पकडून ठेवायचं असतं आणि पाईपच्या आट्यानं पाणी किंवा हवा अडवायची असते, आणि एवढ्या एका फरकानं सगळं काम बदलतं. बोल्टचा टॅप आरपार गेला तर काही बिघडत नाही, पण टेपर, म्हणजे निमुळता, पाईपचा टॅप दोन फेरे जास्त गेला की ते भोक वाया गेलं म्हणून समजा. म्हणून माझ्या मते या कामात सगळ्यात मोठं कौशल्य ताकदीचं नाही, थांबायचं कुठं ते कळण्याचं आहे, आणि आज मला त्याच्यावरच सविस्तर लिहायचंय.

आमच्या कोल्हापूर भागात हे काम मुख्यतः शेतीपंपांमुळं येतं. पंचगंगेच्या काठानं पंपच पंप आहेत, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात त्यातले कितीतरी पाण्याखाली गेले, गाळ भरला, आणि नंतर दुरुस्तीला येणाऱ्या केसिंगांत (पंपाच्या बाहेरच्या कवचांत) एक गोष्ट हमखास दिसायला लागली ती म्हणजे प्रायमिंगचा (पंपात पाणी भरायचा) किंवा ड्रेनचा (पाणी काढायचा) प्लग गंजून घट्ट बसलेला. तो छिन्नी-हातोडीनं काढला की आतले आटे खलास. मग कोणी त्यात चिंधी गुंडाळून प्लग ठोकतो, कोणी एमसील भरतो, आणि आठ दिवसांत शेतकरी परत दारात, "पावणं, पाणी धरंना झालंय बघा." खरी गंमत सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला आहे. डिलिव्हरीकडं गळती असली तर पाणी बाहेर येतं, माणसाला दिसतं. सक्शनकडं पाणी बाहेर येतच नाही, हवा आत जाते, बाहेरनं सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि पंप मात्र प्राइम सोडतो, म्हणजे आत भरलेलं पाणी धरत नाही. माणूस फूट व्हॉल्व्ह बदलतो, ग्लँड बदलतो, मोटर बघतो, आणि दुखणं असतं त्या एका प्लगच्या आट्यात.

आता मापाचं. अर्ध्या इंचाच्या पाईपमध्ये अर्धा इंच असं काहीच सापडत नाही. पाईपचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिमी, मीडियम क्लासच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचं भोक १६ च्या आसपास, आणि त्यावरच्या बीएसपी आट्याचा मोठा व्यास २०.९५५ मिमी. नाव पडलंय ते जुन्या जाड भिंतीच्या लोखंडी पाईपच्या भोकावरनं. त्यामुळं १२.७ डोक्यात धरून ड्रिल काढलं तर कायच्या काय होतं. आयटीआयमध्ये शिकवतात तो नियम, मोठ्या व्यासातनं पिच (दोन आट्यांतलं अंतर) वजा करायचा, तो इथंही चालतो, फक्त व्यास खरा घ्यायचा. अर्ध्या इंचाला इंचात १४ आटे, म्हणजे पिच १.८१४, २०.९५५ मधनं तो गेला की १९.१४, म्हणून समांतर आट्याला १९ चं ड्रिल. पाव इंचाला १९ आटे आणि ११.८ चं ड्रिल, पाऊण इंचाला परत १४ आटे आणि २४.५, एक इंचाला ११ आटे आणि ३०.७५. एक इंचापासून पुढं ६ इंचापर्यंत सगळीकडं ११च आटे. ही मापं आम्ही ड्रिलिंग मशीनमागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलीत, खडूनं लिहिलेलं पुसतं आणि मग जो तो अंदाजानं मारतो.

हे आट्याच्या ५५ अंशाच्या कोनाचं, इंचाच्या हिशोबाचं प्रकरण मूळचं इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थचं. त्यानं १८४१ साली आट्यांची मापं सगळीकडं एकसारखी असावीत म्हणून मांडणी केली आणि पाईपचे आटे आजही त्याच घडणीचे आहेत. बोल्ट मेट्रिक झाले, पाईप इंचातच राहिले.

समांतर आणि टेपर हा दुसरा भाग, आणि माझ्या अनुभवात निम्मी गळती इथनंच सुरू होते. दुकानात जाऊन नुसतं "अर्ध्या इंचाचा बीएसपी टॅप द्या" म्हटलं तर कुठला हातात येईल सांगता येत नाही. टॅपच्या दांड्यावर इंग्रजी G लिहिलेलं असलं तर तो समांतर, आरसी किंवा बीएसपीटी असलं तर टेपर. अक्षरं घासून गेली असली तर व्हर्निअर लावा, पुढच्या पूर्ण आट्यावर एक माप आणि मागच्या आट्यावर एक, फरक आला की टेपर. उतार १६ ला १ असतो, १६ मिमी लांबीत व्यास १ मिमीनं वाढतो. आपल्याकडं दोन्हीची वेगळी भारतीय मानकंच आहेत, जिथं आट्यावरच पाणी अडवायचंय तिथं आयएस ५५४ आणि जिथं आटे फक्त धरून ठेवणार आणि अडवायचं काम वॉशर किंवा ओ-रिंग करणार तिथं आयएस २६४३.

बाहेरचा आटा टेपर आणि आतला समांतर ही जोडी चालते, बाजारातलं जीआय सॉकेट बऱ्याचदा आतनं समांतरच असतं आणि त्यात टेपर आट्याचा पाईप व्यवस्थित बसतो. उलटी जोडी मात्र करू नका. आतला टेपर आणि बाहेरचा समांतर, हे तोंडाजवळच्या एक-दोन आट्यांवर अडकतं, हाताला घट्ट लागतं, माणसाला वाटतं बसलं, आणि आत सगळं मोकळं असतं.

पंपाच्या केसिंगला, जिथं गोल प्लग किंवा कॉक कायमचा बसणार आहे, तिथं मी टेपरच मारतो. त्याचं भोक १८ चं. रीमर (भोक खरवडून मापात आणायचं हत्यार) असेल तर १६ ला १ चा टेपर रीमर फिरवून घ्यावा, टॅपवरचा भार निम्म्यानं कमी झाल्यासारखा वाटतो, पण लहान वर्कशॉपमध्ये तो रीमर कुणाकडं नसतो. मग सोपी युक्ती अशी की १८ चं भोक मारून झालं की तोंडाकडनं ५ मिमीपर्यंत १८.५ चं ड्रिल उतरवायचं. पायरी पडते, पण टॅप नंतर ती खाऊन टाकतो आणि सुरुवात सरळ मिळते. आधी ८-१० चं पायलट मारा, आणि हे हातातल्या ड्रिल मशीनवर करू नका, १८ चं ड्रिल बिडात (ओतीव लोखंडात) अडकलं तर मनगट पिरगळून टाकतं. पिलर मशीनवर जॉब पट्टीनं घट्ट बांधूनच मारा. आणि भोक मारायच्या आधी बॉसची (भोकाभोवती ठेवलेल्या जाड उंचवट्याची) भिंत किती उरतीय ते बघा. जुने आटे काढून एक माप वर जायचं असेल, अर्ध्याचं पाऊण करायचं असेल, तर सात-आठ मिमी भिंत तरी सगळ्या बाजूनं राहायला पाहिजे असा मी हिशोब धरतो. नसेल राहत तर तिथं टॅप मारायचा हट्ट सोडून द्यावा.

भोक मारून झालं की जॉब हलवायचा नाही. हे मला आमच्या जुन्या मिस्त्रींनी, सगळे त्यांना मामा म्हणायचे, शिकवलं आणि मला अजून यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. जॉब मशीनखाली तसाच बांधलेला ठेवायचा, ड्रिल काढून स्पिंडलमध्ये सेंटर बसवायचा, टॅपच्या मागच्या टोकाला जी बारीक सेंटरची खळगी असते तिच्यात त्याचं टोक टेकवायचं, मशीनचा प्लग भिंतीतनं काढून ठेवायचा, आणि डाव्या हातानं फीडचं हँडल हलकं दाबत उजव्या हातानं टॅप फिरवायचा. मदतीला पोरगा असला तर एकानं फीड धरायचं आणि दुसऱ्यानं हँडल. टॅप वाकडा जायला जागाच राहत नाही. जिथं हे शक्य नाही, म्हणजे पंप जागेवरच विहिरीवर आहे, तिथं गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घ्या, दोन फेरे गेले की एका बाजूनं लावा आणि मग काटकोनात दुसऱ्या बाजूनं लावा, एकाच बाजूनं बघितलं तर टॅप पुढं-मागं कललेला कळत नाही. दुरुस्ती करायची ती याच पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत, बाजूनं हलका दाब देत. त्यानंतर टॅप सरळ करायचा प्रयत्न केला तर भोकाचं तोंड रुंद होतं किंवा टॅपचा दात तुटतो.

हँडल मोठं घ्या. अर्ध्या इंचाच्या टॅपला दीड-दोन फुटी हँडल लागतं आणि दोन्ही हात सारखे चालायला लागतात. एका बाजूला पाईप घालून लांबी वाढवून ओढणं हा टॅप मोडायचा हमखास रस्ता आहे.

आता हाताला काय लागतं ते सांगतो, कारण हे वाचून येत नाही असं लोक म्हणतात पण निम्मं तरी सांगता येतं. समांतर टॅपचे फक्त पुढचे उतरते दात कापतात, ते एकदा आत गेले की मागचे नुसते मागनं येतात, त्यामुळं जोर सुरुवातीला वाढतो आणि मग एकसारखा राहतो. टेपर टॅपचं तसं नसतं. त्याचा भोकात गेलेला प्रत्येक दात कापत असतो, कारण प्रत्येक फेऱ्याला टॅप थोडा जाडच होत आत येतो. म्हणून जोर वाढतच जातो, पहिल्या तीन फेऱ्यांना दोन बोटांनी फिरणारं हँडल सहाव्या-सातव्या फेऱ्याला छाती लावायला लावतं. हे नॉर्मल आहे. नॉर्मल नाही ते म्हणजे जोर एकदम वाढणं, किंवा हँडल थोडं फिरतंय पण टॅप फिरत नाही, स्प्रिंगसारखं परत येतंय असं वाटणं. टॅप मोडायच्या आधी पिळला जातो आणि तो पीळ हाताला कळतो. तिथं तसंच थांबायचं, मागं घ्यायचा, पूर्ण बाहेर काढायचा, खाचा साफ करायच्या. टेपरचा एक फायदा असा की अर्धा फेरा मागं फिरवला की सगळे दात एकदम सुटतात, अडकून राहत नाही.

अर्धा पुढं पाव मागं ही जुनी चाल स्टीलमध्ये बरोबर आहे, तिथं लांब कीस निघतो आणि तो मोडायला लागतो. बिडात कीस निघतच नाही, काळी भुकटी निघते, ती मोडायची गरज नसते पण ती खाचांत दाबून बसते. त्यामुळं बिडात मागं-पुढं करण्यापेक्षा दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून ब्रशनं साफ करणं महत्त्वाचं. हवेचा पाईप मारून ती भुकटी उडवू नका, डोळ्यात जाते. तेल पण बिडाला लागत नाही, त्यातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं, उलट तेल टाकलं की भुकटीचा चिखल होतो आणि टॅप जॅम. मी बिडात कोरडंच मारतो, फार तर शेवटच्या फेऱ्याला रॉकेलचं बोट. माइल्ड स्टीलला कटिंग ऑइल, आणि ते नसलं तर आमच्याकडं सरळ खोबरेल तेल वापरतात आणि ते चांगलं चालतं. ॲल्युमिनियमला रॉकेल. स्टेनलेसला मात्र चांगलं जाड कटिंग ऑइलच पाहिजे आणि तिथं टॅप नुसता घासत ठेवायचा नाही, घासला की तेवढी जागा कडक होते आणि मग कुठलाच टॅप पुढं जात नाही.

आणि आता थांबायचं कुठं. कंपनीत प्लग गेज असतो, गेजवरच्या पायरीत भोकाचं तोंड आलं की झालं. आपल्याकडं गेज नसतो पण प्लग किंवा निपल असतं, तोच गेज. फक्त तो नवा, चांगल्या आट्याचा घ्या आणि शक्यतो जो बसवणार तोच घ्या. मानकात अर्ध्या इंचाला हातानं बसण्याची लांबी ८.२ मिमी धरलीय, म्हणजे साधारण साडेचार फेरे, आणि त्यापुढं पान्ह्यानं आवळायला पावणेतीन फेऱ्यांची जागा. म्हणून टॅप अंदाजे आत गेला की काढायचा, भोक साफ करायचं, प्लग टेफ्लॉन टेपशिवाय कोरडा हातानं फिरवायचा आणि फेरे मोजायचे. दोन-अडीच फेऱ्यांवर अडला तर अजून मारायचंय. साडेतीनवर अडला की आता सावकाश, अर्धा फेरा टॅप, परत काढून प्लग. हे कंटाळवाणं वाटतं, पण हिशोब बघा, टॅपचा एक पूर्ण फेरा म्हणजे १.८ मिमी खोली, आणि १६ ला १ च्या उतारानं व्यासात जेमतेम ०.११ मिमी. अर्ध्या फेऱ्याला त्याच्याही निम्मं. एवढ्या बारीक फरकावर प्लग एक आटा आत-बाहेर होतो. चार-साडेचार फेरे हातानं गेले की टॅप पुसून डबीत ठेवायचा, "अजून एक फेरा मारू का दादा" म्हणणाऱ्याला नको म्हणायचं. एकाच मापाची बरीच भोकं असतील तर पहिलं बरोबर आल्यावर टॅपवर भोकाच्या तोंडाशी मार्करनं खूण करून ठेवा, पण तरी प्रत्येक भोकात प्लग फिरवून बघाच, कारण ड्रिल कधी थोडं मोठं पडतं.

जास्त गेलेल्या भोकावर टेफ्लॉनचे पंधरा वेढे हा इलाज नाही. टेपचं काम आट्याच्या टोकाशी आणि तळाशी जी बारीक वाट गोल गोल बाहेरपर्यंत राहते तेवढी बुजवण्याचं आहे, आटे कितीही चांगले असले तरी ती वाट राहतेच, म्हणून टेप किंवा जुन्या पद्धतीनं सूत आणि सफेदा लागतोच. पण ढिलं भोक टेपनं घट्ट होत नाही. टेप आटे आवळायच्या दिशेनं गुंडाळायची, तोंडाचा पहिला आटा मोकळा सोडायचा म्हणजे तुकडे आत जात नाहीत.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे जास्त आवळणं, आणि बिडात ती जास्त महाग पडते. टेपर प्लग म्हणजे पाचरच आहे. पान्ह्याला पाईप लावून अजून एक फेरा, अजून अर्धा, असं करत गेलं की बॉस उभा चिरतो, आणि बिडाला वेल्डिंग करून ते पहिल्यासारखं होत नाही. टॅप कमी मारलेला असला तर हेच होतं, प्लग दोन आट्यांवर बसतो आणि माणूस बाकीचं पान्ह्यानं भरून काढायला बघतो. म्हणून म्हणतो, थांबायची जागा दोन्हीकडनं सांभाळायची आहे.

प्रेशर गेज बसवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गेज, कॉम्प्रेसरचे फिटिंग, बाहेरनं आलेले व्हॉल्व्ह यांत अमेरिकन एनपीटी आटा असू शकतो. त्यांचा आटा ६० अंशाचा, आपला ५५ चा. पाव इंचाला त्यांचे १८ आणि आपले १९, त्यामुळं दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि चूक लगेच कळते. धोका अर्ध्या आणि पाऊण इंचाला आहे, तिथं दोघांचेही १४च आटे, एकमेकांत छान फिरत जातात, घट्ट पण होतात, आणि गळतात. पिच गेज लावला तरी नुसते १४ मोजून समाधान मानू नका, पात्याचा कोन आट्यात नीट बसतोय का ते उजेडासमोर धरून बघा. बीएसपीच्या भोकात एनपीटीचा टॅप फिरवून "जुळवून" घेणं हा प्रकार तर करूच नका, दोन्ही आटे जातात.

टॅप घेताना एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) घ्या, महाग वाटला तरी. समांतर पाईप टॅप बहुतेक दोनाच्या सेटमध्ये येतो, टेपरचा एकच असतो, त्यामुळं त्या एकावरच सगळा भार आहे आणि त्याची धार सांभाळायला पाहिजे. स्टीलला वापरलेला टॅप आणि बिडाला वापरलेला टॅप आम्ही वेगळे ठेवतो, बीड धार लवकर खातं आणि तोच टॅप मग स्टीलमध्ये ओढून ओढून आटा फाडतो. डबीत एकावर एक टाकू नका, दात एकमेकांवर आपटून कोपरे उडतात, आम्ही जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यात घालून ठेवतो.

शेवटी टेस्टिंग. प्लग बसला की केसिंग पाण्यानं पूर्ण भरा, वरनं हवा काढून टाका आणि हातपंपानं पंपाच्या नेहमीच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब देऊन पाच-दहा मिनिटं ठेवा, सगळं कोरडं पुसून प्लगभोवती बोट फिरवून बघा. हातपंप नाही म्हणून कॉम्प्रेसर जोडून साबणाचं पाणी लावून बघणारे मी पाहिलेत. बिडाच्या जुन्या केसिंगवर असं करू नका. पाण्याखाली तडा गेला तर थोडं पाणी उडतं आणि दाब तिथंच संपतो, दाबलेली हवा मात्र फुटली की बिडाचे तुकडे फेकते.